कच्चे तांदूळ आणि 6.3: एका ‘बॉर्डरलाइन’ शुगरचे प्रकरण

ज्या ताईंचे हे प्रकरण आहे त्यांनी ते लिहायला परवानगी दिली आहे. नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. तपासण्यांचे आकडे मात्र जसेच्या तसे ठेवले आहेत, कारण सगळे प्रकरणच आकड्यांभोवती फिरते.

पार्श्वभूमी

ताई 43 वर्षांच्या. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावी घरातच शिवणकाम करतात. ब्लाउज, फॉल-पिको आणि जून आला की शाळेचे गणवेश. नवरा दूध संकलन केंद्रावर कामाला, मुलगी बारावीत, मुलगा आठवीत. घर माळकरी, त्यामुळे अंडेसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नाही. महिन्याच्या दोन्ही एकादश्या आणि वर गुरुवार.

ताईंच्या आईला वीसेक वर्षे मधुमेह होता. शेवटी आधी पायाची दोन बोटे आणि मग पाऊल काढावे लागले. त्या जखमेचे ड्रेसिंग वर्षभर ताईंनी स्वतःच्या हाताने केले होते. हे आधीच सांगतो, कारण पुढे ताईंनी जे केले त्यातले बरेचसे या एका आठवणीपोटी केले.

8 मार्चला महिला दिनाचे आरोग्य शिबिर होते. बोटातून थेंबभर रक्त घेऊन ‘तीन महिन्यांची साखर’, म्हणजे एचबीएवनसी, तपासली गेली. ताईंचा आकडा आला 6.3. कागदावर लाल पेनाने ‘प्री-डायबेटिस’ असे लिहून दिले. टेबलाशी बसलेल्या मुलीने समजावले, “अजून झाला नाहीये मावशी, पण दारात उभा आहे.”

त्या रात्री ताईंना झोप लागली नाही. दुसऱ्याच दिवशी त्या जवळच्या एका दवाखान्यात गेल्या. तिथे मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी, 500 मिलिग्रॅम, सकाळ-संध्याकाळ सुरू झाली आणि भात, साखर, बटाटा बंद झाला. नणंदेने फोनवर एक तक्ता पाठवला, त्यात भाकरी-चपातीवरही काट मारलेली होती. ताईंनी सगळेच पाळले. दुपारी काकडी-टोमॅटो आणि वाटीभर वरण, रात्री ताक. उपासाच्या दिवशी साबुदाणा सोडला, पण त्याच्या जागी दुसरे काहीच घेतले नाही. तीन महिन्यांत वजन 54 किलोवरून 48 वर आले.

माझ्याकडे त्या आषाढी एकादशीच्या आठ-दहा दिवस आधी आल्या. तक्रार शुगरची नव्हती. मशीनवर सलग दोन ब्लाउज शिवले की धाप लागायची, छातीत धडधडायचे, केस मुठीने गळायचे. नवरा म्हणाला, “डॉक्टर, शुगरनंच खाल्लंय हिला.”

प्रश्न नेमका कुठे होता

पापणी खाली ओढून पाहिली तर आतली बाजू कागदासारखी पांढरी. जीभ गुळगुळीत. नाडीचे ठोके मिनिटाला 104. शुगरचे काय ते नंतर पाहू, आधी रक्त पाहू, असे म्हणून मी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, फेरिटिन, बी-12 आणि थायरॉइडची तपासणी लिहून दिली.

हिमोग्लोबिन आले 8.7. फेरिटिन, म्हणजे शरीराच्या कोठारातले लोह, अवघे 5. बी-12 आले 131. थायरॉइड ठीक. तांबड्या पेशींचा सरासरी आकार मात्र 81, म्हणजे जवळपास नेहमीसारखाच. ही गफलत समजून घेण्यासारखी आहे. लोह कमी पडले की पेशी लहान होतात, बी-12 कमी पडले की मोठ्या होतात. दोन्ही एकाच वेळी कमी असतील तर सरासरी सरळ दिसते आणि वरवर पाहणाऱ्याला शंका येत नाही. पेशींच्या आकारातली तफावत दाखवणारा आरडीडब्ल्यू 19 होता. तो आकडा पाहिला की कळते, की इथे लहान आणि मोठ्या पेशी एकत्र नांदताहेत.

मग मनात तो 6.3 पुन्हा घोळू लागला. एचबीएवनसी ही साखरेची थेट मोजणी नव्हे. तांबडी पेशी साधारण 120 दिवस जगते. तेवढ्या काळात तिच्यातल्या हिमोग्लोबिनला जी साखर चिकटते, तिचे प्रमाण आपण मोजतो. म्हणजे हा आकडा दोन गोष्टींवर ठरतो: रक्तात साखर किती आणि पेशी किती वयाच्या. लोहाअभावी नव्या पेशी कमी तयार होतात, जुन्या पेशींचा वाटा वाढतो आणि साखर न वाढताच आकडा वर सरकतो. बी-12 च्या कमतरतेतही तसेच घडू शकते. उलट रक्तस्राव झाला, पेशी लवकर फुटल्या किंवा उपचारामुळे नव्या पेशींचा लोंढा आला, की आकडा खाली येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 2011 मध्ये 6.5 किंवा त्याहून जास्त एचबीएवनसी मधुमेहाच्या निदानासाठी मान्य केले, तेव्हाच अट घातली होती, की आकड्यात गोंधळ घालणारी दुसरी स्थिती रुग्णाला नसावी. 5.7 ते 6.4 ला ‘प्री-डायबेटिस’ म्हणण्याची रीत अमेरिकी मधुमेह संघटनेची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. निम्म्याहून अधिक बायकांचे रक्त कमी असलेल्या राज्यात फक्त एचबीएवनसीवर बायकांचे शिबिर घेणे मला काळजीचे वाटते. त्यामागचा हेतू चांगला असतो याबद्दल मला शंका नाही, तरीही वाटते.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी. लोहाच्या कमतरतेने आकडा किती सरकेल याचे ठरावीक माप नाही. 6.3 पैकी रक्ताचे किती आणि साखरेचे किती हे कागदावर वजाबाकी करून काढता येत नाही. आणि ताईंच्या आईचा पाय काही खोटा नव्हता.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय म्हणजे जे चालले आहे ते चालू ठेवून सोबत लोह सुरू करणे. दुसऱ्या डॉक्टरचे औषध बंद करायचे नाही, वाद नको. बरेचदा आपण हेच करतो. पण मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने शरीरात बी-12 कमी शोषले जाते हे आता पक्के झालेले आहे आणि ताईंचे बी-12 आधीच तळाला होते. शिवाय त्यांना मळमळ होत होती, भूक मेली होती.

या गोळीमागचे संशोधनही नीट वाचावे लागते. प्री-डायबेटिसमध्ये मधुमेह लांबवता येतो हे ज्या मोठ्या प्रयोगांनी दाखवले त्यांत चीनमधील दाचिंगचा अभ्यास आहे, फिनलंडचा आहे, 2002 साली निकाल आलेला 3,234 जणांचा अमेरिकी डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅम आहे आणि आपल्या चेन्नईत डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने 531 जणांवर केलेला, 2006 मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही आहे. या सगळ्यांत माणसे निवडली गेली ती ग्लुकोजचे पाणी पाजून दोन तासांनी साखर मोजणाऱ्या जीटीटीवर, एचबीएवनसीवर नव्हे. चेन्नईत तर जीटीटी दोनदा करून खात्री केली होती. तिथे तीन वर्षांत काहीच न केलेल्या गटातल्या 55 टक्के लोकांना मधुमेह झाला, आहार-व्यायाम करणाऱ्या गटात 39.3 टक्के आणि मेटफॉर्मिनच्या गटात 40.5 टक्के. हा फायदा खरा आहे. पण तो अशा लोकांचा, ज्यांची साखर जेवणानंतर खरोखर चढत होती. ताईंची चढते का, हे कुणीच तपासले नव्हते. अमेरिकी प्रयोगात तर लठ्ठ माणसांना मेटफॉर्मिनचा भरपूर उपयोग झाला आणि बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, 30 च्या आत असलेल्यांना जवळपास काहीच झाला नाही. शिबिराच्या वेळी ताईंचा बीएमआय साडेबावीस होता.

दुसरा पर्याय नेमका उलटा: ‘तुम्ही बारीक आहात, तुम्हाला काही नाही’ असे सांगून विषय मिटवणे. हा मोहही मोठा असतो. पण पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे लंडनचे सहकारी जॉन युडकिन यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांचाही बीएमआय 22.3. युडकिन यांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या 21.2 टक्के. आपली माणसे वजनकाट्यावर बारीक आणि आतून चरबीची असू शकतात. ताईंची कंबर, इतके वजन उतरल्यावरही, 82 सेंटिमीटर होती. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी 80 ही धोक्याची रेघ मानतात. आई मधुमेही. तेव्हा ‘काही नाही’ म्हणणे म्हणजे ताईंना फसवणेच झाले असते.

तिसरा पर्याय: रक्त भरून निघेपर्यंत थांबायचे आणि मग एचबीएवनसी पुन्हा करायची. शास्त्राला धरून, पण यात पाच-सहा महिने जाणार. तोवर ताईंनी भाकरी खायची की नाही? त्यांचा प्रश्न हाच होता आणि त्याला ‘सहा महिन्यांनी सांगतो’ असे उत्तर देता येत नाही.

चौथा: जीटीटी करून रक्तातली साखर सरळच मोजायची. ही तपासणी जुनी आहे. दोन तास लॅबमध्ये बसावे लागते, पण तांबड्या पेशींच्या वयाशी तिला देणेघेणे नसते. मी हा पर्याय निवडला. निवड बरोबर होती. करताना चुकलो.

काय केले आणि कुठे चुकलो

ताईंना मी दुसऱ्याच दिवशी सकाळी उपाशीपोटी बोलावले. उपाशीपोटीची साखर 92. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी 161. जीटीटीत दोन तासांनंतर 140 ते 199 म्हणजे प्री-डायबेटिसच. मी ताईंना तसे सांगितले. त्यांनी मान हलवली, जणू हेच ऐकायला आल्या होत्या.

संध्याकाळी एका जुन्या सहकाऱ्याशी फोनवर बोलताना त्यांनी एकच विचारले, “तीन दिवस जेवून आल्या होत्या का?”

जीटीटीच्या आधी किमान तीन दिवस रोज निदान 150 ग्रॅम कर्बोदके पोटात जायला हवीत, असा नियम आहे. तो मी शिकलो होतो, परीक्षेत लिहिलाही होता. माणूस धान्य बंद करतो तेव्हा शरीर साखर जपून वापरायला लागते, इन्शुलिनचा प्रतिसाद मंदावतो. अशा शरीरात एकदम 75 ग्रॅम ग्लुकोज ओतले, तर निरोगी माणसाचीही साखर चढलेली दिसू शकते. आमच्याकडे येणारा माणूस नेहमी भाकरी-भात खाऊनच येत असे, म्हणून हा नियम विचारायची वेळच कधी आली नव्हती. आता लोक तक्ते पाळून येतात. ताईंनी तीन महिने भाकरीला हात लावलेला नव्हता.

मी त्यांना पुन्हा बोलावले, माझी चूक सांगितली आणि म्हणालो, “ताई, आता तीन दिवस रोज तीन भाकऱ्या, वाटीभर भात आणि वरण असे खायचे. गोळी बंद. मग परत तपासू.” ताईंच्या डोळ्यांत पाणी आले. ते भुकेचे नव्हते, भीतीचे होते. “आणि पाय गेला तर?” असे त्यांनी विचारले. तीन दिवसांच्या भाकरीने पाय जात नाही, हे मी दोनदा सांगितले. पण जिने आईची जखम धुतली आहे, तिला डॉक्टरच्या वाक्याने लगेच धीर येत नाही. त्या ‘बघते’ एवढेच म्हणाल्या.

तो ‘बघते’ सोडवला आमच्या सिस्टरांनी. वजन घेता घेता त्यांनी ताईंना पडद्यामागे नेऊन सहज विचारले, “माती, खडू, कच्चे तांदूळ असं काही खावंसं वाटतं का?” ताई आधी गप्प राहिल्या आणि मग रडायलाच लागल्या. दोन वर्षांपासून त्या कच्चे तांदूळ खात होत्या. डब्यातून मूठभर घ्यायचे आणि मशीनवर बसून एकेक दाणा चावायचा. शिबिराचा कागद हाती आल्यापासून ताटातला भात सुटला, पण डब्यातला तांदूळ सुटेना. शुगर आपल्याला त्या चोरून खाल्लेल्या तांदळानेच लागली अशी त्यांची खात्री होती, आणि म्हणून शिक्षा केल्यासारखी भाकरीही सोडली होती. नवऱ्याला हे माहीत नव्हते.

कच्चे तांदूळ, खडू, भाजलेली माती, बर्फ खावासा वाटणे हे लोह संपल्याचे जुने, ओळखीचे लक्षण आहे. सिस्टरांनी ताईंना एवढेच सांगितले, की ही खोड नाही, आजार आहे, आणि औषधाने जाईल. त्यानंतर ताई तीन दिवस जेवल्या.

दुसरी जीटीटी: उपाशीपोटी 93, दोन तासांनी 134. नॉर्मल.

161 आणि 134 यांच्यातला सगळाच फरक भाकरीचा, असा दावा मी करणार नाही. दोन तासांनंतरचा हा आकडा एकाच माणसात दिवसागणिक बराच वरखाली होतो. पण योग्य तयारीने केलेली तपासणी नॉर्मल होती आणि मेटफॉर्मिन चालू ठेवायला आधार उरला नव्हता. गोळी बंदच ठेवली.

पडद्यामागेच दुसरी गोष्टही कळली. पाळी आठ-आठ दिवस चालायची, अंगावरून गाठी जायच्या, रात्री उठून दोनदा कपडा बदलावा लागायचा. पहिल्या दिवशी मी पाळीबद्दल विचारले होते आणि ताई “नेहमीसारखीच” म्हणाल्या होत्या. नवरा शेजारच्या खुर्चीवर बसला होता आणि विचारणारा मी पुरुष. पाच वर्षे जे होत आले तेच त्यांच्यासाठी ‘नेहमीसारखे’ होते, त्यामुळे उत्तर खोटेही नव्हते. सोनोग्राफीत गर्भाशयाला चार सेंटिमीटरची गाठ निघाली.

उपचारातला एक क्रम महत्त्वाचा होता. आरोग्य केंद्रातून मिळणाऱ्या लोहाच्या गोळीत फॉलिक ॲसिडही असते. बी-12 खूप कमी असताना नुसते फॉलिक ॲसिड दिले तर रक्त सुधारल्यासारखे दिसते आणि नसांचे नुकसान आत चालू राहू शकते. म्हणून आधी बी-12 ची इंजेक्शने सुरू केली, मग लोह. पुणे परिसरात बी-12 चा प्रश्न किती खोल आहे हे याज्ञिकांच्याच कामातून दिसले आहे. 441 पुरुषांच्या पाहणीत 67 टक्क्यांचे बी-12 कमी निघाले होते. 1993 मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांत सुरू झालेल्या माता-पोषण अभ्यासात, बी-12 कमी आणि फोलेट (म्हणजे फॉलिक ॲसिडचेच रूप) जास्त असलेल्या आयांच्या मुलांत सहाव्या वर्षी चरबी आणि इन्शुलिन-विरोध, म्हणजे शरीराने इन्शुलिनला नीट दाद न देणे, जास्त आढळला. ताईंच्या मुलीला पुढे आई व्हायचे आहे, हा विचार माझ्या मनात तेव्हाच येऊन गेला.

शिरेतून लोह द्यायचे का, यावरही बोलणे झाले. हिमोग्लोबिन लवकर चढले असते, पण खर्च होता आणि ताई सुईला आधीच कंटाळल्या होत्या. गोळी दिली, रोज न देता एक दिवसाआड. झुरिचच्या संशोधकांनी 2017 मध्ये दाखवले आहे, की रोज लोह घेतले की शरीर दुसऱ्या दिवशीचे दार अर्धवट लावून घेते; दिवसाआड घेतले तर प्रत्येक गोळीतले जास्त लोह शोषले जाते. पोटालाही त्रास कमी. जेवणासोबतचा चहा दीड-दोन तास पुढे ढकलायला सांगितला, ताटात लिंबू वाढले.

गाठीसाठी ताईंना एका ठिकाणी “मुलं झालीत, पिशवी काढून टाका” असे सांगितले गेले. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या कशा सर्रास काढल्या गेल्या, याची चर्चा 2019 मध्ये साऱ्या राज्याने ऐकली. ताईंनी मला स्पष्ट विचारले, “काढलीच पाहिजे का?” नाही, आधी इतर उपाय आहेत. स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंनी तपासून गर्भाशयात बसवायचे, कॉपर-टीसारखे दिसणारे संप्रेरकाचे साधन सुचवले. ताईंनी आठवडाभर विचार केला, मुलीशी बोलल्या आणि ते बसवून घेतले.

ताटाचे काय केले

भाकरी परत आणली, पण पूर्वीच्या ताटाकडे सरळ माघारी गेलो नाही. पूर्वीचे ताट पाहिले तर तीन-चार भाकऱ्या, भाताचा ढीग, पातळ आमटी आणि चमचाभर भाजी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) ‘इंडियाब’ या देशव्यापी मधुमेह पाहणीत भारतीयांच्या ऊर्जेतला सरासरी 62 टक्के वाटा कर्बोदकांचा निघाला आहे. त्याच पाहणीतून दिसले, की नुसता भात सोडून ज्वारी-गहू धरल्याने, एकूण प्रमाण तेच राहिले, तर धोका कमी झालेला दिसत नाही. थोडी कर्बोदके काढून त्या जागी डाळी-दुधातली प्रथिने आली तर दिसतो. आमच्याकडे ‘ज्वारी चालते’ म्हणून पाच भाकऱ्या खाणारे मधुमेही रोज भेटतात.

ताईंशी ठरले ते असे: एका वेळी दीड-दोन भाकऱ्या, भात लहान वाटी, पण मटकी, मूग, हुलगे यांपैकी काहीतरी घट्ट उसळ रोज. दही किंवा ताक दोन्ही वेळा. एकादशीला साबुदाण्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दही. एकादशी सोडा असे मी सुचवले नाही. त्यांनीही विचारले नाही. चालण्यासाठी वेगळा वेळ नव्हता, तेव्हा गणवेश पोचवायला मुलाच्या सायकलऐवजी त्या स्वतः पायी जाऊ लागल्या.

सातव्या आठवड्यातला आकडा

ऑगस्टमध्ये ताईंचे यजमान आनंदाने धावत आले. केंद्रावर एका कंपनीचे तपासणी शिबिर होते, त्यांनी ताईंना नेले होते. एचबीएवनसी 5.4. “शुगर गेली, डॉक्टर!”

तो आनंद मोडणे जिवावर आले. पण हा आकडाही मार्चच्या आकड्याइतकाच अविश्वासू होता. लोह आणि बी-12 मिळाल्यावर हाडांतली मज्जा नव्या पेशी भराभर सोडते. नव्या पेशींना साखर चिकटायला अजून वेळच मिळालेला नसतो, म्हणून आकडा खोटा खाली येतो. मार्चमध्ये म्हाताऱ्या पेशींनी तो वर नेला होता, ऑगस्टमध्ये तरुण पेशींनी खाली आणला. यजमानांना मी हे दुधाच्या भाषेत सांगितले: कालचे दूध आणि आत्ता काढलेले दूध एकाच कॅनमध्ये ओतले, तर आंबटपणावरून गाय कळत नाही. त्यांना पटले. मग त्यांनी विचारलेला प्रश्न फार नेमका होता: “मग खरा आकडा कधी कळणार?” हिमोग्लोबिन पूर्ण भरल्यावर, त्यानंतर आणखी तीन-चार महिन्यांनी, असे उत्तर दिले.

परिणाम

धाप आणि धडधड दीड महिन्यात थांबली. कच्च्या तांदळाची ओढ त्याहून लवकर, लोह सुरू केल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यातच गेली. रक्ताचा आकडा फारसा हललेलाही नव्हता तेव्हा ही ओढ गेली, हे पाहून ताईंना सगळ्यात जास्त दिलासा मिळाला. पाचव्या महिन्यात हिमोग्लोबिन 12.3, फेरिटिन 38. पाळी तीन दिवसांची, तीही नावापुरती. वजन 52 वर येऊन थांबले.

नवव्या महिन्यात, रक्त भरून चार महिने झाल्यावर, एचबीएवनसी 5.7. वर्ष झाल्यावर, तीन दिवस नीट जेवून केलेली जीटीटी: उपाशीपोटी 95, दोन तासांनी 137. म्हणजे मधुमेह नाही, जीटीटीनुसार प्री-डायबेटिसही नाही, पण रेघ हाताच्या अंतरावर आहे. आईचा इतिहास, 81 सेंटिमीटरची कंबर आणि 5.7 हे तिन्ही लक्षात घेऊन ताईंना दरवर्षी तपासायचे ठरवले. मार्चचा 6.3 चुकीचा होता, याचा अर्थ ताईंना धोका नव्हता असा होत नाही. हे वाक्य ताईंना समजावायला मला रक्तक्षयाचा उपचार करण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

पुन्हा वेळ आली तर

जीटीटीआधी ‘गेले तीन दिवस काय खाल्ले’ हा प्रश्न आता आमच्या लॅबच्या कागदावर छापला आहे. तो तिथे आधी असता तर एका घाबरलेल्या बाईला मी दोन दिवस चुकीचे निदान दिले नसते.

पाळीचा इतिहास आता सिस्टर घेतात, पडद्यामागे, आणि ‘पाळी कशी आहे’ असे न विचारता ‘रात्री उठून बदलावं लागतं का, गाठी जातात का’ असे विचारतात. ‘नेहमीसारखी’ हे उत्तर त्यामुळे मिळत नाही.

एका बाबतीत माझे मत अजून पक्के झालेले नाही. पहिल्या भेटीतच, जीटीटीच्या आधी, मेटफॉर्मिन बंद करायला हवी होती का? मी ती दुसऱ्या तपासणीच्या वेळी बंद केली. काही सहकाऱ्यांचे म्हणणे, की वजन 48 आणि बी-12 131 दिसताच बंद करायला हवी होती, साखरेचा निकाल काहीही येवो. आज मला तेच बरोबर वाटते. पण त्या दिवशी, आईच्या पायाची गोष्ट ऐकल्यावर, गोळी काढून घेतली तर ताई परत येतील का याची खात्री नव्हती आणि त्या भीतीनेही माझा हात धरला, हे खरे आहे.

शिबिर घेणाऱ्या मंडळाच्या बायकांना जाऊन भेटलो. एचबीएवनसी करायचीच असेल तर सोबत हिमोग्लोबिन करा, आणि ते कमी असेल तर साखरेचा कागद हाती देण्याआधी तसे लिहा, एवढे सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. पुढच्या 8 मार्चला त्यांच्या टेबलावर हिमोग्लोबिनचे यंत्र होते.

त्याच टेबलावर ताईंनी मुलीलाही आणले. ती आता अठराची. हिमोग्लोबिन 9.6. सिस्टरांनी तिला बाजूला घेऊन विचारले, तेव्हा ती आधी आईकडे पाहू लागली. मग म्हणाली, “तांदूळ नाही खात मी. खडू खाते.”

तिचे बी-12 तपासायला दिले आहे.